काळ्या आजाराची रक्तपरीक्षा : प्रतिपिंडांच्या साक्षीचा इतिहास (१९०३ ते २०२३)

प्रस्तावना

रोगनिदानाच्या इतिहासाचा विचार करताना औषधांच्या शोधाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे परीक्षांच्या शोधाला दिले जात नाही. वास्तविक औषध कोणाला द्यावयाचे हे परीक्षा ठरवते. औषध विषारी असेल आणि रोग प्राणघातक असेल, तर परीक्षेच्या चुकीची किंमत रुग्णाला दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. रोग ओळखता आला नाही तर मृत्यू ओढवतो आणि नसलेला रोग आहे असे समजले गेले तर विषारी औषध निष्कारण शरीरात जाते. भारतीय उपखंडातील काळा आजार हे याचे बोलके उदाहरण होय.

काळा आजार हा 'लीशमॅनिया डोनोव्हानी' या एकपेशीय परजीवीमुळे होणारा रोग आहे. वालुमक्षिकेच्या मादीच्या दंशातून तो माणसाकडून माणसाकडे पसरतो. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा ताप, प्लीहेची (पांथरीची) व यकृताची वाढ, रक्तक्षय, अंगाची झीज आणि त्वचेचा काळवंडलेपणा ही त्याची लक्षणे आहेत. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. या रोगाचे निदान रक्तातील प्रतिपिंडांच्या आधारे करण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, प्रतिपिंड-परीक्षा नेमका कोणता प्रश्न विचारते आणि तिच्या उत्तराचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, याचे विवेचन केले आहे.

परजीवीचा शोध आणि सुईची जोखीम

एकोणिसाव्या शतकात बंगाल व आसाममध्ये या रोगाच्या भीषण साथी येऊन गेल्या. १८२४-२५ मधील जेसोरची साथ, १८६० च्या दशकातील 'बर्दवान ताप' आणि त्यानंतर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकत गेलेली आसामची साथ या त्यांपैकी प्रमुख होत. रोगाचे कारण मात्र कोणालाच उमगत नव्हते. जी. एम. जाइल्स यांनी १८९० च्या सुमारास अंकुशकृमींना दोषी ठरवले. १८९७ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी तो हिवतापाचाच एक तीव्र प्रकार असल्याचे मत मांडले आणि पुढे रोनाल्ड रॉस यांच्या चौकशीचा कलही हिवतापाकडेच राहिला. या तिघांच्याही निरीक्षणांत तथ्यांश होता, कारण आसामातील एकाच माणसाच्या शरीरात अंकुशकृमी, हिवतापाचे परजीवी आणि काळा आजार एकत्र नांदू शकत होते. लक्षणांवरून रोग वेगळा काढणे अशक्यप्राय होते, ही या गोंधळामागील खरी अडचण होय.

हा गुंता १९०३ साली सुटला. कलकत्त्याजवळील डमडम येथे आजारी पडून इंग्लंडमधील नेटली येथे मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना १९०० मध्ये सूक्ष्म अंडाकृती पिंड आढळले होते. त्यांनी ते मे १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यांना शवविच्छेदनात आणि नंतर जूनमध्ये एका जिवंत मुलाच्या प्लीहेतून सुईने काढलेल्या रक्तातही तेच पिंड दिसले. रॉस यांनी दोघांच्याही नावांचा समावेश करून परजीवीला 'लीशमॅनिया डोनोव्हानी' हे नाव दिले. १९०४ मध्ये रॉजर्स यांनी कलकत्त्यात या परजीवीचे प्रयोगशाळेत संवर्धन केले व त्याचे कशाभिकायुक्त रूप जगासमोर आणले.

परजीवी सापडला, तरी निदान सोपे झाले नाही. हिवतापाचे परजीवी बोटाच्या टोकातील थेंबभर रक्तात दिसतात. लीशमॅनिया मात्र प्लीहा, अस्थिमज्जा व यकृत यांतील पेशींत दडून असतो आणि वाहत्या रक्तात तो क्वचितच नजरेस पडतो. त्यामुळे खात्रीचे निदान म्हणजे प्लीहेत सुई घालणे असे समीकरण तयार झाले. प्लीहेतील नमुन्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत परजीवी आढळतो. अस्थिमज्जेच्या नमुन्यात हे प्रमाण बरेच कमी म्हणजे साधारण ५३ ते ८६ टक्के इतके असते. परंतु प्लीहा हा रक्ताने भरलेला नाजूक अवयव आहे. कुशल हातांतही हजारात एखाद्या रुग्णाला जीवघेणा अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. अननुभवी हात, रक्त गोठण्याची बिघडलेली क्षमता आणि जवळ शस्त्रक्रियेची सोय नसलेला दवाखाना अशी परिस्थिती असेल, तर ही जोखीम वाढते. आसामच्या चहामळ्यातील किंवा बिहारच्या खेड्यातील दवाखान्यात नेमकी हीच परिस्थिती असे. प्लीहेला हात न लावता रोग ओळखता येईल काय, या प्रश्नातून रक्तपरीक्षांचा इतिहास सुरू होतो.

ब्रह्मचारी, नेपियर आणि घट्ट होणारा रक्तरस

या प्रश्नाला निकड प्राप्त झाली ती उपचारांमुळे. १९१५ पासून अँटिमनीयुक्त 'टार्टार एमेटिक' हे औषध काळ्या आजारावर शिरेतून देण्यास सुरुवात झाली. १९२० मध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात 'युरिया स्टिबामीन' तयार केले आणि रोग बरा होण्याची शक्यता प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. अँटिमनी हा विषारी धातू असल्यामुळे तो कोणाला टोचावा, याचा निर्णय अचूक असणे आवश्यक ठरले.

काळ्या आजाराच्या रुग्णाच्या रक्तरसात ग्लोब्युलिन या प्रथिनांचे प्रमाण विलक्षण वाढलेले असते, ही बाब ब्रह्मचारी यांनी हेरली. रुग्णाचा रक्तरस ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळला असता ग्लोब्युलिनाचा साका तयार होतो. यावर आधारलेली परीक्षा त्यांनी १९१७ मध्ये मांडली. यानंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील लायोनेल एव्हरार्ड नेपियर यांनी १९२१-२२ मध्ये 'अल्डिहाइड परीक्षा' प्रचारात आणली. रक्तरसात फॉर्मॅलीन मिसळून तो घट्ट होतो का हे पाहण्याची पद्धत फ्रान्समध्ये गाते व पापाकोस्तास यांनी १९२० मध्ये उपदंशासाठी सुचवली होती. नेपियर यांनी ती काळ्या आजाराकडे वळवली.

परीक्षेची कृती अत्यंत साधी होती. परीक्षानळीत एक मिलिलिटर रक्तरस घ्यावयाचा, त्यात फॉर्मॅलीनचा एक-दोन थेंब टाकावयाचा आणि नळी बाजूला ठेवावयाची. जुन्या काळ्या आजारात काही मिनिटांतच रक्तरस उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा घट्ट व अपारदर्शक होतो. नुसता घट्टपणा पुरेसा मानला जात नसे, पांढरेपणाही यावा लागे. सूक्ष्मदर्शक, वीज किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ यांपैकी कशाचीही गरज नसलेली ही परीक्षा दवाखान्यातील कंपाउंडरलाही करता येई. त्यामुळे बंगाल, आसाम व बिहारमध्ये तिचा झपाट्याने प्रसार झाला. १९२७ मध्ये आर. एन. चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तरसावर युरिया स्टिबामीनचे द्रावण सोडून साका पाहण्याची 'अँटिमनी परीक्षा' सुचवली. तिचे तत्त्वही ग्लोब्युलिनाच्या वाढीवरच आधारलेले होते.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या परीक्षा प्रतिपिंडांच्या परीक्षा होत्या काय? प्रतिपिंड हेही ग्लोब्युलिनच असतात आणि काळ्या आजारात त्यांची निर्मिती बेसुमार होते, हे खरे. मात्र या रोगात प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशी सरसकट उत्तेजित होतात आणि तयार झालेल्या ग्लोब्युलिनाचा मोठा भाग लीशमॅनियाविरुद्ध नसतोच. अल्डिहाइड परीक्षा ग्लोब्युलिनाचा पूर पाहते, परंतु तो कोणत्या उगमातून आला हे तिला सांगता येत नाही. कुष्ठरोग, यकृताचा जुनाट विकार किंवा ग्लोब्युलिन वाढवणारे इतर आजार यांतही रक्तरस घट्ट होऊ शकतो. शिवाय हा पूर येण्यास वेळ लागतो. आजार सुरू होऊन साधारण तीन महिने लोटल्याशिवाय परीक्षा विश्वासार्हपणे होकारार्थी येत नसे. ज्या काळात उपचार सर्वाधिक उपयोगी ठरतात, त्या काळात ही परीक्षा मूक राहत असे.

उसना प्रतिजन

विशिष्ट प्रतिपिंड शोधावयाचा तर त्याला जुळणारा प्रतिजन हाताशी असावा लागतो. १९०१ मध्ये बोर्दे व झाँगू यांनी पूरक-बंधनाचे तत्त्व मांडले होते. प्रतिजन व प्रतिपिंड यांची जोडी जमली की रक्तरसातील 'पूरक' हा घटक खर्ची पडतो. तो खर्ची पडला की नाही हे मेंढीच्या तांबड्या पेशींच्या साहाय्याने पाहता येते. १९०६ मध्ये वासरमान यांनी याच तत्त्वावर उपदंशाची प्रसिद्ध परीक्षा उभारली.

काळ्या आजारात हे तत्त्व वापरताना एक विलक्षण प्रकार घडला. विटेब्स्की, क्लिंगेनस्टाइन व कून यांनी क्षयरोगाच्या निदानासाठी क्षयजंतूंपासून एक प्रतिजन तयार केला होता. त्यांच्या आद्याक्षरांवरून तो 'डब्ल्यू. के. के. प्रतिजन' म्हणून ओळखला जातो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यातील संशोधकांना असे आढळले, की काळ्या आजाराच्या रुग्णांचा रक्तरस या उसन्या प्रतिजनाशी चांगलीच प्रतिक्रिया दर्शवतो. अल्डिहाइड परीक्षेपेक्षा ही परीक्षा लवकर होकारार्थी येत असल्याने ती पुढे अनेक वर्षे वापरात राहिली.

लीशमॅनियाचा प्रतिपिंड क्षयजंतूच्या अर्काने पकडता येतो, ही सोय होती आणि अडचणही होती. क्षयरोगाच्या रुग्णातही परीक्षा होकारार्थी येण्याचा संभव होता. दीर्घ ताप, अंगाची झीज आणि रक्तक्षय ही लक्षणे दोन्ही रोगांत असतात. ज्या दोन रोगांत फरक करावयाचा, त्यांपैकी एकाचाच प्रतिजन दुसऱ्याच्या परीक्षेसाठी वापरला जात होता. वासरमान परीक्षेचा अनुभवही असाच होता. उपदंशाच्या जंतूंनी भरलेल्या ऊतीचा अर्क आवश्यक आहे असे आरंभी समजले गेले, पण पुढे निरोगी हृदयाच्या अर्कानेही तेच काम होते असे दिसून आले. परीक्षा उपयुक्त ठरणे आणि ती का उपयुक्त ठरते हे समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव ही उदाहरणे करून देतात. शिवाय पूरक-बंधन परीक्षेला सुसज्ज प्रयोगशाळा लागे. त्यामुळे खेड्यात अल्डिहाइड आणि शहरात पूरक-बंधन अशी विभागणी रूढ झाली.

विस्मरण आणि पुनरागमन

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डासांसाठी घराघरांत फवारलेल्या डीडीटीने वालुमक्षिकाही मेल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. रोग ओसरल्यावर निदानपद्धतींवरील संशोधनाची गरजही कोणाला वाटेनाशी झाली. फवारणी थांबल्यानंतर १९७० च्या दशकात उत्तर बिहारमध्ये रोग परतला आणि १९७७ पर्यंत त्याने मोठ्या साथीचे रूप धारण केले. शासकीय नोंदींनुसार १९९२ या एकाच वर्षी देशात ७७,१०२ रुग्ण व १,४१९ मृत्यू झाले. खासगी दवाखान्यांतील रुग्णांची नोंद होत नसल्याने प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे.

या साथीला तोंड देताना जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांच्या हाती जे साधन होते, ते सत्तर वर्षांपूर्वीच्या अल्डिहाइड परीक्षेचेच. दरम्यानच्या काळात पाश्चात्त्य प्रयोगशाळांत अनुस्फुरक प्रतिपिंड तंत्र विकसित झाले होते. १९७१ मध्ये एंग्वाल व पर्लमन यांनी एलायझा पद्धत प्रसिद्ध केली होती आणि त्याच दशकात ती लीशमॅनियासाठी वापरूनही पाहिली गेली होती. परंतु यंत्रसामग्री, वीज व शीतसाखळी यांच्या अभावी हे ज्ञान मुझफ्फरपूर किंवा वैशालीच्या खेड्यापर्यंत पोहोचले नाही. त्यातच बिहारमध्ये अँटिमनीला दाद न देणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढत गेले. औषध लागू पडले नाही, तर मूळ निदान चुकले की परजीवी औषधाला सरावला, हे ठरवणे अविश्वासार्ह परीक्षेच्या आधारे कठीण होते. निदानातील संदिग्धतेमुळे उपचारांचे मूल्यमापनही संदिग्ध होत होते.

सुदानमधील समूहन चाचणी

विशिष्ट प्रतिपिंडाची परीक्षा प्रयोगशाळेबाहेर नेण्याचे पहिले मोठे यश आफ्रिकेशी निगडित आहे. सुदानी शास्त्रज्ञ अब्दुल्ला अल हारिथ यांनी ॲमस्टरडॅम येथे काम करीत असताना १९८६ मध्ये 'प्रत्यक्ष समूहन चाचणी'चे सुधारित रूप सिद्ध केले. संवर्धित परजीवींवर ट्रिप्सिनाची प्रक्रिया करून, ते टिकवून, निळ्या रंगाने रंगवले जात. रुग्णाच्या रक्तरसाची क्रमाक्रमाने विरलता वाढवून तो या परजीवींसोबत प्लास्टिकच्या तबकडीतील खळग्यांत रात्रभर ठेवला जाई. प्रतिपिंड नसतील तर परजीवी तळाशी घरंगळून निळा ठिपका तयार होतो. प्रतिपिंड असतील तर ते परजीवींना एकमेकांशी जखडतात आणि खळग्यात फिकट पसरट थर दिसतो. निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

१९८४ ते १९९४ या काळात दक्षिण सुदानच्या वेस्टर्न अप्पर नाइल भागात यादवी युद्धाच्या धुमाळीत काळ्या आजाराची साथ पसरली. तीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. तेथे काम करणाऱ्या वैद्यकीय पथकांनी समूहन चाचणीचा वापर एका विचारपूर्वक आखलेल्या क्रमाने केला. फार उच्च विरलतेपर्यंत चाचणी होकारार्थी असेल तर उपचार, अगदी निम्न असेल तर दुसऱ्या रोगाचा शोध आणि मधल्या टप्प्यातील रुग्णांपुरतीच सुईची परीक्षा, असा तो क्रम होता. परीक्षेच्या उत्तराला केवळ 'हो' किंवा 'नाही' न मानता त्याची प्रत लावण्याची ही रीत पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मात्र निकालासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे आणि प्रतिजनाचा दर्जा सर्व ठिकाणी सारखा राखणे अवघड जाई. १९९० च्या दशकात शीतशुष्क प्रतिजन उपलब्ध झाल्यावर साठवणुकीचा प्रश्न बराचसा सुटला, पण वेळेचा प्रश्न कायम राहिला.

एकोणचाळीस अमिनो आम्लांची पट्टी

१९९३ मध्ये बर्न्स, रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील लीशमॅनियाच्या जनुकांमधून कायनेसिन या प्रथिनाशी साधर्म्य असलेला एक प्रतिजन वेगळा केला. त्यात ३९ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. या तुकड्यापासून पुनःसंयोजित तंत्राने तयार केलेले प्रथिन 'आरके ३९' या नावाने ओळखले जाते. एकाच तुकड्याच्या पुनरावृत्तीमुळे रुग्णाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंड विपुल प्रमाणात तयार होतात आणि ते पकडणे सोपे जाते. परजीवींची खिचडी वापरण्याऐवजी एकच नेमके प्रथिन वापरावयाचे, हा मूलभूत बदल येथे घडला.

हे प्रथिन कागदी पट्टीवर बसवून तयार केलेल्या परीक्षेचे भारतातील निष्कर्ष श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. परजीवी सिद्ध झालेल्या सर्व १२७ रुग्णांत पट्टी होकारार्थी आली. रोग नसलेल्या २५० व्यक्तींपैकी २४६ जणांत ती नकारार्थी आली. म्हणजेच संवेदनक्षमता १०० टक्के आणि विशिष्टता सुमारे ९८ टक्के होती. बोटाच्या टोकातील रक्ताचा थेंब, एक द्रावण आणि काही मिनिटांचा अवधी एवढीच तिची गरज होती. अल्डिहाइड परीक्षेचा साधेपणा आणि प्रयोगशाळेतील परीक्षेची अचूकता प्रथमच एकत्र आली.

२००६ मध्ये शापुई व सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण मांडले. त्यात समूहन चाचणीची संवेदनक्षमता ९४.८ टक्के व आरके ३९ पट्टीची ९३.९ टक्के आढळली. दक्षिण आशियात पट्टीचे निष्कर्ष अधिक एकसारखे व चांगले होते, तर पूर्व आफ्रिकेत तिची कामगिरी कमी पडली. ब्राझीलच्या परजीवीपासून घेतलेला प्रतिजन बिहारमध्ये उत्तम चालावा आणि सुदानमध्ये लंगडावा, हे वरवर विचित्र वाटते. याची कारणे दोन ठिकाणी आढळतात. पूर्व आफ्रिकेतील परजीवींच्या कायनेसिन जनुकात भिन्नता आहे आणि तेथील रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळीही तुलनेने कमी असते. म्हणूनच आफ्रिकेसाठी 'आरके २८' या संमिश्र प्रतिजनाचा शोध पुढे घेण्यात आला.

साक्षीच्या मर्यादा

२००५ मध्ये भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी काळा आजार निर्मूलनाचा करार केला. त्यात आरके ३९ पट्टीला मध्यवर्ती स्थान मिळाले. मात्र ती एकटी वापरावयाची नव्हती. दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप, प्लीहेची वाढ आणि पूर्वी हा आजार झालेला नसणे या अटी पूर्ण झाल्या तरच पट्टीच्या होकाराला निदानाचा दर्जा द्यावयाचा, अशी रोगव्याख्या निश्चित करण्यात आली. या अटींमागील कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिले कारण असे, की प्रतिपिंड म्हणजे परजीवीच्या अस्तित्वाचा पुरावा नसून शरीराने त्याची घेतलेली नोंद होय. रोग बरा झाल्यावरही ही नोंद अनेक वर्षे पुसली जात नाही. त्यामुळे एकदा काळा आजार होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा ताप आला, तर तो रोगाच्या उलटण्याचा आहे की हिवतापाचा किंवा क्षयरोगाचा, हे पट्टी सांगू शकत नाही. अशा रुग्णाला प्लीहेच्या किंवा अस्थिमज्जेच्या सुईशिवाय पर्याय राहत नाही. सर्वाधिक त्रास सोसलेल्या रुग्णाच्या बाबतीतच ही परीक्षा निरुत्तर होते.

दुसरे कारण, परजीवीचा शिरकाव झालेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. रोगप्रवण गावांतील अनेक निरोगी व्यक्तींच्या, विशेषतः रुग्णाच्या घरातील माणसांच्या रक्तात प्रतिपिंड आढळतात. तापाची व प्लीहेच्या वाढीची अट काढून टाकली, तर या निरोगी व्यक्तीही रुग्ण ठरतील.

तिसरे कारण, एचआयव्हीची लागण असलेल्या रुग्णात प्रतिपिंड तयार होण्याची क्षमताच क्षीण होते. अशा रुग्णात पट्टी नकारार्थी आली तरी रोग नाही असे म्हणता येत नाही.

काळा आजार बरा झाल्यानंतर काही रुग्णांच्या त्वचेवर फिकट डाग व गाठी येतात. ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात परजीवी त्वचेत टिकून राहतो आणि वालुमक्षिकेमार्फत पुन्हा पसरू शकतो. अशा रुग्णाचे प्रतिपिंड होकारार्थी असले, तरी ते त्वचेतील आजच्या परजीवीमुळे आहेत की जुन्या आजाराची खूण म्हणून आहेत, हे रक्तावरून कळत नाही. रोगाचा पुढील उद्रेक ज्यांच्यामार्फत संभवतो, त्यांना ओळखण्यात ही परीक्षा तोकडी पडते.

यशामुळे बदलणारा अर्थ

निर्मूलनाची मर्यादा दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण अशी ठरवण्यात आली. भारतात ही मर्यादा ब्लॉक स्तरावर मोजली जाते. राष्ट्रीय आरोग्य धोरणातील २०१० चे लक्ष्य आणि त्यानंतरची अनेक लक्ष्ये हुकली. पुढे २०१४ पासून ॲम्फोटेरिसिन बी या औषधाच्या लायपोसोमयुक्त रूपाची एकच मात्रा, आशा कार्यकर्तींमार्फत रुग्णशोध आणि फवारणी यांमुळे रुग्णसंख्या झपाट्याने घटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून काळ्या आजाराचे निर्मूलन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा बांगलादेश हा पहिला देश ठरला. भारतातही २०२३ मध्ये वार्षिक रुग्णसंख्या एक हजाराच्या खाली आली होती.

या यशातून एक सांख्यिकीय पेच उद्भवतो. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संवेदनक्षमता व विशिष्टता दोन्ही ९५ टक्के असलेली परीक्षा १,००० संशयितांवर केली. साथीच्या काळात त्यांपैकी ३०० जणांना खरोखर रोग असेल, तर २८५ खरे होकार आणि उरलेल्या ७०० निरोगी व्यक्तींमधून ३५ खोटे होकार येतील. होकार आलेल्या शंभरांपैकी सुमारे ८९ जण खरे रुग्ण असतील. रोग ओसरल्यावर त्या १,००० संशयितांमध्ये २० जणच रुग्ण असतील, तर खरे होकार १९ आणि खोटे होकार ४९ येतील. आता होकार आलेल्या शंभरांपैकी केवळ २८ जण खरे रुग्ण ठरतात. पट्टी तीच, प्रथिन तेच, तंत्रज्ञही तोच, तरीही होकाराचा अर्थ बदलला.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. रोग दुर्मीळ झाल्यावर डॉक्टरांच्या मनात त्याची शंका येण्याचे प्रमाणही घटते. पट्टी दवाखान्यात उपलब्ध असूनही ती वापरण्याचे सुचत नाही आणि रुग्ण टायफॉइड, हिवताप, क्षयरोग अशा निदानांमधून फिरत राहतो. १९६० च्या दशकातील विस्मरणानंतर काय घडले, हे बिहारच्या इतिहासात नोंदलेले आहे. परजीवीचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरसारख्या परीक्षा किंवा लघवीतील प्रतिजन शोधणाऱ्या परीक्षा या पेचावर काही प्रमाणात उपयोगी ठरू शकतात, कारण त्या परजीवीच्या अस्तित्वाचा थेट शोध घेतात. परंतु पट्टीइतका सोपेपणा व विश्वासार्हता यांचा मेळ त्यांना अद्याप साधलेला नाही.

समारोप

काळ्या आजाराच्या रक्तपरीक्षेचा शतकभराचा प्रवास पाहिला असता पुढील बाबी स्पष्ट होतात. प्लीहेतील सुई 'परजीवी आहे काय?' असा प्रश्न विचारते, तर रक्तपरीक्षा 'शरीराने त्याला प्रतिसाद दिला आहे काय?' असे विचारते. दुसरा प्रश्न विचारणे सोपे व सुरक्षित असल्यामुळे तो पहिल्याच्या जागी आला. अल्डिहाइड परीक्षेने ग्लोब्युलिनाचा पूर पाहिला, पूरक-बंधन परीक्षेने उसन्या प्रतिजनाचा आधार घेतला, समूहन चाचणीने संपूर्ण परजीवी वापरला आणि आरके ३९ पट्टीने त्याचा एकच तुकडा निवडला. प्रत्येक टप्प्यावर प्रतिपिंडाची साक्ष अधिक नेमकी होत गेली, परंतु ती साक्षच राहिली.

या साक्षीला निदानाचे वजन प्राप्त करून दिले ते रोगव्याख्येने, म्हणजे तापाच्या कालावधीची चौकशी करणाऱ्या, पोट तपासणाऱ्या आणि रुग्णाचा पूर्वेतिहास विचारणाऱ्या डॉक्टरने. रुग्णसंख्या घटत असताना या चौकशीचे महत्त्व वाढते. नेपियर यांच्या परीक्षेवर बिहार सत्तर वर्षे अवलंबून राहिला, यात त्या परीक्षेचा दोष कमी आणि रोग संपला असे मानून संशोधन थांबवणाऱ्या वृत्तीचा अधिक होता. निर्मूलनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या उपखंडाने तीच चूक आरके ३९ पट्टीच्या बाबतीत पुन्हा करू नये, हा या इतिहासाचा बोध होय.